दुखणं खरं, मग मनाचा उपाय कशाला? जुनाट वेदना आणि फिजिओथेरपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझी खोली फिजिओथेरपी विभागाला लागून आहे. भिंतीपलीकडून "काका, अजून थोडं वाकवा" आणि त्यावर काकांचं "आई गं!" असं दोन्ही दिवसभर ऐकू येत असतं. खालचे प्रश्न पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. काही प्रश्न खुर्चीत बसल्या बसल्या येतात, काही मात्र निघताना, चप्पल पायात सरकवताना. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना मी इथे जास्त जागा दिली आहे.

माझी कंबर दुखते. डॉक्टरांनी तुमच्याकडे का पाठवलं? माझं दुखणं त्यांना खोटं वाटतं का?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, तोंडावर थोडेच विचारतात. बाकीचे हातातली फाईल घट्ट धरून बसतात.

तुमचं दुखणं खरं आहे. ते मोजायचं कुठलंही यंत्र नाही, त्यामुळे तुम्ही सांगाल तेच प्रमाण. वेदनांचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. दोन्ही व्याख्यांमध्ये वेदनेला शरीराचा आणि भावनेचा मिळून येणारा अनुभव म्हटलं आहे. म्हणजे भावना हा दुखण्याच्या घडणीतलाच भाग आहे. आधी शरीर दुखतं आणि मग मनाला वाईट वाटतं, असा क्रम त्यात नाही.

दोन गोष्टी सांगते. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिकत आली होती. उडी मारताना १५ सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. वेदना इतक्या की खिळा जरा हलला तरी सहन होईना, जबर वेदनाशामक द्यावं लागलं. बूट काढल्यावर दिसलं की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडासुद्धा नव्हता. आता उलटी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे भूलतज्ज्ञ काम करत होते. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक नको म्हटल्याचं त्यांनी १९४६ साली लिहिलं. जखम मोठी होती, पण त्या जखमेचा अर्थ 'जीव वाचला, आता घरी' असा होता.

तो कामगार नाटक करत नव्हता आणि ते सैनिक काही दगडाचे नव्हते. दोघांच्याही मेंदूने हाताशी असलेल्या माहितीवरून धोक्याचा अंदाज बांधला आणि त्या हिशेबाने दुखवलं. माझं काम त्या अंदाजाशी आहे.

मग आधी शरीराच्या कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात?

त्या झाल्याशिवाय माझ्याकडे येऊच नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. पहिली दोन लक्षणं दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखणं अंगावर काढायची आपल्याकडे फार हौस आहे, विशेषतः बायकांना. इथे ती चालत नाही.

एमआरआयमध्ये डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) सरकलेली स्पष्ट दिसते आहे. त्यात मन कुठून आलं?

रिपोर्टमधले शब्द वाचून माणूस अर्धा गळतो, हे रोज बघते. 'झीज', 'ऱ्हास', 'दबलेली', 'फुगलेली'. आता हे ऐका. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमध्ये डिस्कची झीज होती, ऐंशीच्या घरातल्यांमध्ये ९६ टक्के. फुगलेली डिस्क विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. केस पांढरे होतात, तसे मणकेही वयाला येतात.

म्हणजे तुमचा रिपोर्ट निरर्थक आहे का? तसंही नाही. डिस्क नसेवर दाबत असेल आणि पायात कळ जात असेल, तर ते चित्र महत्त्वाचं आहे. पण चित्रावरून दुखण्याचा आकडा काढता येत नाही. आणि 'माझा मणका गेलाय' ही समजूत घेऊन जगणारा माणूस वाकायचं सोडतो, हसतानासुद्धा कंबर धरतो. ती समजूत स्वतःच एक दुखणं होऊन बसते.

जखम भरली, तरी वर्षभर दुखतंय. असं कसं होतं?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या वेदनेला जुनाट म्हणतात. बहुतेक ऊती तोवर भरून आलेल्या असतात.

एखाद्या वाड्यात चोरी होते. त्यानंतर दारातला कुत्रा दूधवाल्यावर भुंकतो, पेपरवाल्यावर भुंकतो, वाऱ्याने फाटक वाजलं तरी भुंकतो. कुत्रा खोटं भुंकत नसतो, फक्त जरा जास्तच राखण करायला लागलेला असतो. आपल्या मज्जासंस्थेचं असं होतं, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली मज्जारज्जूच्या प्रयोगांतून दाखवलं. वारंवार संदेश आले की मज्जारज्जूतल्या पेशी संवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही दुखण्याचा संदेश वर पाठवू लागतात.

त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत एक 'दार' असल्याची कल्पना मांडली होती. खालून येणारा वेदनेचा संदेश त्या दारात अडतो किंवा वाढतो. स्पर्शाचे इतर संदेश दार थोडं लोटून घेतात, म्हणून लागलं की आपण आपोआप चोळतो. मेंदूकडून येणारे आदेशही ते दार उघडतात किंवा मिटतात. भीती, जागरण, 'आता माझं काही खरं नाही' हा विचार, हे उघडणारे. गुडघा फुटलेल्या पोराला आई जवळ घेऊन फुंकर घालते, तेव्हा बंद करणारे दोन हात एकदम लागतात. या सिद्धांताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण मनाला वेदनेच्या रस्त्यात अधिकृत जागा त्याने दिली.

तुमच्याकडे आल्यावर नेमकं होतं काय? बोलून दुखणं कसं जाईल?

पहिली भेट बरीचशी ऐकण्यात जाते. दुखणं कसं आहे, ते तुमच्याच शब्दांत. मराठीला या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. चमक निघते, कळ येते, आग होते, मुंग्या येतात, रग लागते, अंग अवघडतं, उसण भरते. चमक, आग आणि मुंग्या म्हटलं की नसेचा विचार करावा लागतो. रात्रभर ठसठसत असेल तर सूज किंवा पू आहे का, ते डॉक्टर बघतात. रग ही बहुधा थकलेल्या स्नायूची. त्यामुळे डॉक्टरांसमोर "पेन होतंय" असं म्हणू नका, घरी सांगता तसं सांगा.

मग दोन आठवड्यांची वही. दुखणं किती, याबरोबरच त्या वेळी काय चाललं होतं, मनात काय आलं, मग तुम्ही काय केलं. एका बाईंच्या वहीत मान दुखण्याचे आकडे दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चढायचे. हिशेबाचं काम त्यांच्याकडे होतं आणि साहेब शेजारी उभे राहून घाई करायचे. मान आखडलेली होती हे खरं. ती कधी आखडते, हेही आता कळलं.

पुढचं काम विचारांवर. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ना, तसे विचार. गुडघ्यात कट्कन वाजलं, म्हणजे झीज वाढली, म्हणजे ऑपरेशन, म्हणजे मी अंथरुणाला खिळणार, म्हणजे सुनेवर ओझं. पाच सेकंदांत माणूस कट्कन आवाजापासून सुनेपर्यंत पोचतो. हे मोजायला १३ प्रश्नांची एक प्रश्नावली १९९५ पासून वापरात आहे. घरचे याला 'बाऊ करणं' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण त्यात ठपका आहे. घाबरलेला माणूस घाबरतो, बाऊ करत नाही. आम्ही त्या साखळीतली एकेक कडी पुराव्यावर तपासतो: आवाज आला त्या दिवशी सूज आली का? मागच्या वेळी आवाज आला होता, त्यानंतर काय झालं?

याला कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणतात, थोडक्यात सीबीटी. साधारण आठ ते बारा भेटी लागतात. 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट' नावाची दुसरी पद्धतही आहे. तिच्यात विचार खरा-खोटा करत बसत नाहीत. दुखणं असताना आयुष्यातलं कोणतं काम पुन्हा हाती घ्यायचं, तिथून सुरुवात होते. साठीपुढच्या पेशंटना ती जास्त भावते, असा माझा अनुभव.

दुखतंय तर पडून राहू की हालचाल करू?

हलत राहा. अमेरिकेत १९८६ साली कंबरदुखीच्या पेशंटच्या दोन गटांपैकी एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस झोपून राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा काहीच झाला नाही, फक्त त्यांची कामावरची रजा जास्त गेली.

जुनाट दुखण्यात हालचालीची भीती ही हालचालीपेक्षा जास्त नुकसान करते. हे चक्र व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली नीट मांडलं: दुखतं, भीती वाटते, ते काम टाळलं जातं, स्नायू दुबळे होतात, मन खचतं, मग आणखी कमी कामाने आणखी जास्त दुखतं. चक्र तोडायला आम्ही एक शिडी करतो. समजा, खाली वाकायची भीती आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर खुर्चीत बसून बूट घालणं. मग ओट्यावरून हलका डबा उचलणं. मग स्टुलावर बसून कुंडीला पाणी घालणं. वरच्या पायरीवर भरलेली बादली किंवा उंबऱ्यासमोरची रांगोळी. प्रत्येक पायरीआधी कागदावर लिहायचं, 'काय होईल असं वाटतं?' आणि नंतर, 'काय झालं?' हे फिजिओथेरपिस्टसमोर करायचं, घरी एकट्याने हट्टाला पेटून करायचं नाही.

ताज्या फ्रॅक्चरला, नुकत्याच झालेल्या ऑपरेशनला हे लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी मी सगळी कामं उरकून घेते. त्यात काय चुकतं?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्याचं उदाहरण घेऊ. सोमवारी कंबर जरा बरी वाटली म्हणून माळा काढला, डबे घासले, संध्याकाळी चकलीची भाजणी भाजली आणि रात्री अकरापर्यंत चकल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार पलंगावर. शुक्रवारी जरा बरं, तर राहिलेलं सगळं एका दिवसात. ही सवय आळशी माणसाची नसते. कष्टाळू, शिस्तीच्या, 'काम पडून राहिलेलं मला बघवत नाही' म्हणणाऱ्या माणसांची असते, म्हणून सोडवायला फार अवघड.

यातून मेंदू काय शिकतो ते बघा. काम केलं की तीन दिवस शिक्षा. म्हणजे पुढच्या वेळी कामाच्या आधीच कंबर धरून ठेवायची.

विल्बर्ट फोर्डाइस यांनी सत्तरच्या दशकात सिअॅटलमध्ये एक साधी युक्ती वापरली. थांबायचं ते दुखणं बघून नव्हे, घड्याळ बघून. उभं राहून पोळ्या लाटायला बरा दिवस असेल तर पंचवीस मिनिटं जमतात, वाईट दिवशी पंधरा. मग सरासरी वीस, त्यातून थोडी कापून सोळा. रोज सोळा मिनिटं, बरं वाटो वा न वाटो. घड्याळ वाजलं की परातीत कणीक असली तरी बसायचं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची.

बरं वाटत असताना थांबणं हे यातलं सगळ्यात कठीण. दुखत असताना सगळेच थांबतात. एक आजी म्हणाल्या, "अगं, पण एवढ्यात बसले तर लोक काय म्हणतील?" त्यांच्यासाठी व्यायाम कमी आणि 'लोक काय म्हणतील' यावर काम जास्त करावं लागलं.

गुडघे दुखतात, पण यंदा वारीला जायचं आहे. जाऊ का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात 'का' आधीच ठरलेलं असतं. नुसते व्यायाम करा म्हटलं की चौथ्या दिवशी बंद होतात. पंढरपूरसाठी करा म्हटलं की माणूस पहाटे उठतो.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, वाटेत दिवेघाटाची चढण. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तर तयारी चार महिने आधी सुरू करा आणि वरचाच नियम लावा: आज आरामात जेवढं चालता त्याच्या थोडं खाली, आणि हळूहळू वाढ. पूर्ण वारीऐवजी एखादा टप्पा चालून पुढे गाडीने जाणारे कितीतरी आहेत. तीही वारीच.

एक सावधगिरी. दिंडीत टाळ-मृदंगात, सोबतीच्या माणसांत दुखणं खरोखर कमी होतं, यात भाबडेपणा काही नाही. लक्ष, अर्थ आणि सोबत हे तिन्ही वेदनेचं दार मिटतात. पण म्हणून दुखत नाही तोवर चालतच राहिलं, तर घरी आल्यावर गुडघे सुजतात. तेव्हा वारीतही घड्याळ.

ध्यान, शवासन, विपश्यना यांचा उपयोग होतो का?

होतो, पण अपेक्षा नीट ठेवा. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा, वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे येणारे बरेचसे पेशंट जुनाट दुखण्याचेच होते. २०१६ साली कंबरदुखीच्या ३४२ जणांवर झालेला अभ्यास बघा. २६ आठवड्यांनी रोजच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेले: माइंडफुलनेसच्या गटात ६०.५ टक्के, सीबीटीच्या गटात ५७.७ टक्के, नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत ४४.१ टक्के. म्हणजे दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच, आणि काहीही वेगळं न करणाऱ्यांतलेही बरेच सुधारले.

शवासनात पायाच्या बोटांपासून वर एकेक भाग सैल सोडणं तुम्हाला येत असेल, तर निम्मं काम झालं. रोज दहा मिनिटं पुरे. पाठीवर झोपून दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या.

इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जावं का, असं फार जण विचारतात. तिथे दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं, आणि ही साधना वैद्यकीय उपचारांचा पर्याय नाही हे ते स्वतःच सांगतात. साधनेसाठी जरूर जा. पाठ बरी करायला म्हणून जायचं असेल तर आधी घरी अर्धा तास बसता येतं का बघा, आणि खुर्ची मिळेल का ते नाव नोंदवतानाच विचारा.

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीत गुडघा वाकवताना रडू येतं. मी कमकुवत आहे का?

नाही हो. पहिल्या काही आठवड्यांत ते खरंच फार दुखतं. यात मानसशास्त्र कमी आणि व्यवस्था जास्त आहे: डॉक्टरांना विचारून वेदनाशामकाची वेळ अशी ठेवा की व्यायामाच्या वेळी त्याचा असर चालू असेल. वाकवताना श्वास रोखू नका, सोडत जा, मोठ्याने दहापर्यंत मोजा. आकडे तुम्ही मोजायचे, थेरपिस्टने नाही. थांबायची खूण आधी ठरवा, हात वर केला की ते थांबतील. दुखण्यावर आपला ताबा आहे एवढं कळलं तरी तेच दुखणं सोसवतं. 'जरा कळ काढ' हे आपण किती सहज म्हणतो. किती वेळ काढायची ते सांगितलं, तर काढता येते.

ऑपरेशनआधी फार घाबरलेल्या माणसांना नंतर जास्त दुखतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मग आधीच मानसिक तयारी करून घेतली तर? हा प्रयोग अमेरिकेत ४०२ पेशंटवर झाला, २०१९ मध्ये निकाल आला. दुखणं हाताळायचं खास प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले, वर्षभराने दोन्ही गट सारखेच. माझ्या पोटावर पाय आणणारी ही गोष्ट आहे, तरी सांगते, कारण प्रत्येक ऑपरेशनआधी सायकॉलॉजिस्टची गरज आहे असं कुणी विकायला आलं तर तुम्हाला माहीत असावं.

पाय कापला, तरी नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो. घरच्यांना सांगायची लाज वाटते.

लाजू नका. अवयव गेलेल्या बहुतेकांना असं काही ना काही जाणवतं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते. मूळचे तमिळनाडूचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात यावर चकित करणारा स्वस्त उपाय शोधला, तो म्हणजे आरसा. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा. शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं. तो पाय हलवला की मेंदूला वाटतं दुसराही हलला, आणि आवळून धरलेला 'अंगठा' सैल होतो. २००७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात रोज १५ मिनिटं, चार आठवडे असा एक छोटा अभ्यास झाला आणि आरशाच्या गटाला चांगला गुण आला. सगळ्यांनाच येतो असं नाही. पहिल्या दिवशी पाय जागेवर 'दिसला' की रडू कोसळू शकतं, म्हणून पहिल्यांदा एकट्याने करू नका.

मला नैराश्याच्या गोळ्या लिहून दिल्यात. मी काय वेडी आहे?

अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन असेल. मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना दाबायला जाणारे आदेश या गोळ्या बळकट करतात. अमिट्रिप्टिलिन दुखण्यासाठी देतात तेव्हा डोसही बहुतेक वेळा नैराश्यासाठीच्या डोसपेक्षा कमी असतो. मेडिकलवाल्याने चमकून बघितलं तर बघू दे. गोळ्या मनाने बंद करू नका, हळूहळू कमी कराव्या लागतात.

उलट साध्या वेदनाशामकांबद्दल सावध राहा. डोकेदुखीसाठी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ त्या घेत राहिलं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तर, दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावून सांगता न येणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी औषधं आणि अफूवर्गीय गोळ्या नव्याने सुरूच करू नका, असं म्हटलं आहे. त्याऐवजी व्यायाम, सीबीटी, ॲक्सेप्टन्सवाली पद्धत, काहींना नैराश्यविरोधी औषधं.

घरच्यांनी कसं वागावं?

दोन प्रकारची घरं दिसतात. एकात "उठू नकोस, मी आणते" म्हणत पाण्याचा पेलासुद्धा हातात. दुसऱ्यात "हिचं रोजचंच आहे". पहिल्या घरात माणूस प्रेमाने अपंग होतो, दुसऱ्यात खरं दुखणं सांगायचं बंद करतो.

मधला मार्ग असा: दिवसातून दहा वेळा "दुखतंय का?" विचारू नका. "आज किती चाललात?" विचारा. मदत करायची तर ठरवून, रोज तीच, दुखलं म्हणून जास्त नाही. आणि चालायला निघालेल्या माणसाबरोबर चपला घालून निघा, एवढं केलं तरी पुष्कळ.

उसण भरली की आमच्याकडे पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाकडून पाय लावून घेतात. ते करू का?

माझ्या आजीनेही केलं होतं. उसण ही बहुधा स्नायू आखडल्याची, काही दिवसांत ती आपसूक सुटते. पायाळू भेटेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात, वर 'आता सुटणार' ही खात्री. खात्रीनेही वेदना खरोखर कमी होते. वेदनाशामक पेशंटच्या नकळत दिलं तर त्याचा असर कमी पडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पायाने हलका स्पर्श करत असतील तर माझी हरकत नाही. पाठीवर उभं राहणार असतील, झटका देणार असतील, किंवा पेशंटची हाडं ठिसूळ असतील, तर मुळीच नको.

खरं सांगा, गुण कितपत येतो?

थोडा. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ७५ अभ्यासांचा, ९,४०१ लोकांचा आढावा घेतला. सीबीटीने दुखणं, हालचाल आणि मनस्ताप या तिन्हींत फायदा दिसला, पण छोटा. तो सरासरीचा आकडा आहे: काहींना पुष्कळ, काहींना काहीच नाही. नव्या पद्धतींत जास्त आशा दिसते. ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिजिओथेरपिस्टनीच हालचाल आणि भीती दोन्ही एकत्र हाताळली, आणि वर्षभराने रोजच्या हालचालींत झालेली सुधारणा टिकलेली होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला तर बरं, असाच त्याचा अर्थ मी घेते.

म्हणून मी दुखण्याच्या आकड्यावर फार वेळ घालवत नाही. सहाचं दुखणं पाचवर आलं, यात तुम्हाला काही वाटणार नाही. पण सहाच असताना नातीला शाळेतून आणायला जाऊ लागलात, तर ते मी वहीत लाल पेनाने लिहिते.

कुणाकडे जावं? खर्च परवडेल का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात असतात, केसपेपरवर एकीकडून दुसरीकडे पाठवता येतं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. कृत्रिम अवयवांसाठी पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून. दुखण्याने मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सगळ्यांना सायकॉलॉजिस्ट लागतोच असं नाही. वही, घड्याळ आणि समजून घेणारा फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर कितीतरी जणांचं भागतं.

पहिल्या भेटीला काय आणू?

चालू गोळ्यांची पाकिटं आणा, नावं आठवत बसायला नको. रिपोर्ट आणा, पण आपण ते शेवटी उघडू. रोजची चप्पल घालून या, नवी नको. घरातलं एक माणूस बरोबर असेल तर उत्तम, ते अर्धा वेळ बाहेर बसेल. आणि येताना एका कागदावर, दुखायला लागल्यापासून सुटलेलं एक काम लिहून आणा. 'बरं व्हायचंय' असं नको. 'तिसऱ्या मजल्यावरच्या जाऊबाईंकडे जिना चढून जायचंय', असं.